चाळीस टक्के

जन्मल्यावर ओवी बराच वेळ रडलीच नाही आणि तेवढ्यात तिच्या मेंदूला इजा झाली. ती तीन महिन्यांची असताना रामदासपेठेतल्या दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट मिनलने तिच्या हातापायांची हालचाल नीट न्याहाळली आणि तिच्या वडिलांना, हेमराजला, स्पष्ट सांगितलं, "सेरेब्रल पाल्सीची दाट शक्यता आहे. पण लवकर लक्षात आलंय. आजपासून व्यायाम सुरू केले तर पुष्कळ फरक पडेल."

"पोरगी एकदम बरोबर हाये, मॅडम. तुमी काहून भेव दाखवून राहिले?" असं म्हणत तो ओवीला घेऊन निघून गेला. मिनल दर महिन्याला फोन करत राहिली. शेवटी त्याने तिचा नंबरच ब्लॉक केला.

दीड वर्षाने तो आपणहून आला. कडेवरच्या ओवीचे ताठर पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढले होते, मुठी घट्ट मिटलेल्या होत्या.

"मॅडम, सर्टिफिकेट पायजे. माही बदली भामरागडले झाली. लेकरू चाळीस टक्के अपंग असलं तं रद्द होते म्हणे."

मिनलला त्याच्याकडे पाहायचीही किळस आली. "ते मेडिकल बोर्ड देतं," एवढंच बोलून तिने चटई अंथरली, ओवीला त्याच्याकडून घेतलं आणि तिची मूठ हलक्या हाताने उघडायला लागली. एकेक बोट सुटत गेलं. हेमराज अस्वस्थ होऊन बघत होता.



"मॅडम, या व्यायामानं टक्के कमी तं नाही होत ना?"