ठिणगीचे आकडे

आकडे पुन्हा बदलले होते. काल संध्याकाळी उस्तादांनी स्वतःच्या बोटाने अठ्ठावीस टाकले होते. आज सकाळी लॅपटॉपवरच्या त्याच चौकटीत तेवीस येऊन बसले होते. शेजारच्या चौकटींतही तेच. कुणीतरी गुपचूप, अगदी पद्धतशीर, त्यांचं काम मागे ओढत होतं.

उस्तादांनी चष्मा पुसला आणि गाडीत बसल्याबसल्या गॅरेजभर नजर फिरवली. जावई पलीकडे एका टेम्पोखाली आडवा झाला होता. त्याचे फक्त पाय दिसत होते. ते पायही उस्तादांना लबाड वाटले.

गाडी जुनी, इंजिन त्याहून जुनं. कार्बुरेटर काढून त्यावर कॉम्प्युटरचा डबा जावयानेच बसवला होता. आता कुठल्या वेगाला, किती ओझ्याला किती पेट्रोल सोडायचं आणि ठिणगी किती आधी पाडायची, हे सगळं दोन तक्त्यांत भरावं लागे. साठी उलटल्यावर उस्ताद ते शिकायला बसले, कारण घरात तसं ठरलंच होतं. ही एक गाडी त्यांनी स्वतः लावून दाखवली, तर गॅरेज त्यांच्याच हातात राहणार. नाही जमलं, तर जावई बघेल आणि ते घरी बसतील. घरी बसणं म्हणजे त्यांच्या लेखी जिवंतपणी तसबिरीत जाऊन बसणं होतं.

पेट्रोलचा तक्ता त्यांनी हां हां म्हणता उरकला. धुराचा वास आणि प्लगचा रंग कधी खोटं बोलत नाहीत. ठिणगीचा तक्ता मात्र सगळा कानांचा खेळ. ठिणगी एकेक डिग्री आधी आणत जायची, तसा गाडीला जोर चढतो. मग एका टप्प्याला, चढावर पाय दाबला की इंजिनातून बारीक किणकिण येते, डब्यात खिळे हलवावेत तशी. ती आली की मुकाट्याने दोन डिग्री मागे यायचं. तरी पुढे रेटलं, तर पिस्टनला भोक पडतं आणि इंजिन संपतं. ती किणकिण पकडणारं एक छोटं यंत्र मिळतं, ते बसवू का, असं जावयाने विचारलं होतं. उस्ताद भडकले होते. माझे कान शाबूत असताना त्या डबीचे कान कशाला? खोटं नव्हतं ते. वळणावरून येणारी गाडी नुसती ऐकून ते तिचा आजार सांगत. निम्मी गिऱ्हाइकं त्या कानांच्या भरवशावर आलेली.

आणि इंजिनही काय साथ देत होतं! तेवीस झाले, पंचवीस झाले, अठ्ठावीस झाले, तरी किणकिण नाही. इतकं पुढे आजवर कुणी गेलंच नसेल, असं त्यांना वाटू लागलं. स्वारी खुशीत होती. पण गॅरेजशेजारच्या चढावरून गाडी पळवून ते परत आले की जावयाचं तोंड कडू झालेलं असायचं. एकदा तर तो म्हणालाही, बाबा, जरा बेताने. जळतोय, दुसरं काय! कानामागून आला आणि तिखट झाला. बायकोही हल्ली गाडी चढाला लागली की वरची खिडकी धाडकन लावून घ्यायची. शिवाय सासू-जावई जिन्यात काहीतरी कुजबुजत उभे असायचे आणि उस्ताद दिसले की गप्प व्हायचे. कुठेतरी पाणी मुरत होतं.

त्यांनी पुन्हा अठ्ठावीस टाकले. प्लग आणायला जातो, असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं. बाजाराच्या दिशेने निघाले आणि मागच्या गल्लीतून वळून, चपला हातात घेऊन आत शिरले.

गाडीत बायको बसली होती. मांडीवर लॅपटॉप, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. एका बोटाने ती एकेक आकडा खाली आणत होती.

उस्तादांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तू? घरातच भेदी! त्यानेच शिकवलं ना तुला हे?"

"हो, जावयांनीच शिकवलं," ती शांतपणे म्हणाली. "आणि तुम्हाला कळू द्यायचं नाही, अशी शपथही त्यांनीच घातली."

"म्हणजे दोघं मिळून मला घरी बसवताय!"

तिच्या नजरेत राग नव्हता, आणि तेच त्यांना जास्त झोंबलं. मग ती बाजूच्या सीटवर सरकली.

"टाका तुमचे आकडे. चढावर घ्या. किणकिण आली की मी हात वर करते."

"आली तर ना!" उस्ताद म्हणाले.

चढ लागला. त्यांनी पाय दाबला. गाडी जोमात वर निघाली. इंजिन कसं गोड चाललं होतं, कुठे खट्ट नाही. त्यांनी ऐटीत बायकोकडे पाहिलं. तिचा हात वर होता.

"मुद्दाम करतेस," ते म्हणाले आणि त्यांनी पाय आणखी दाबला.

पुढे एक माणूस सायकल हाताने ढकलत चढ चढत होता. अनोळखी, या भागात कधी न दिसलेला. त्याने दचकून वळून पाहिलं, तोंड वाकडं केलं आणि बॉनेटकडे बोट दाखवलं.

उस्तादांनी पाय उचलला. बायकोचा हात खाली आला. तो माणूसही मान फिरवून आपल्या वाटेने चालू लागला. उस्तादांनी हळूच पुन्हा पाय दाबला. हात वर गेला. त्या माणसाने पुन्हा वळून पाहिलं.

उस्तादांच्या कानांना मात्र दोन्ही वेळेला इंजिन सारखंच गोड लागलं.