शेगडीवरची काजळी

भावनानं शेगडीचं झाकण उचललं तसा अनंतराव पौनीकरांचा श्वास अडकला.

"लई माणसं आलती वाटते, काका," आत डोकावत ती म्हणाली.

"बारा-तेरा. बँकेतले जुने दोस्त." अनंतराव गच्चीच्या कठड्याला टेकले. "सावजी मसाला लावून कोंबडी भाजली. गप्पा संपूनच नव्हत्या राहिल्या."

खरं तर सक्करदऱ्याच्या त्या घरात वर्षभरात कोणी जेवायला आलं नव्हतं. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. ही अंड्याच्या आकाराची, जाड सिरॅमिकची कोळशाची शेगडी मुलानं, अंकुरनं, हौसेनं आणली, दोनदा वापरली आणि तो कॅनडाला गेला. जाताना वर्षभराच्या साफसफाईचं काम एका कंपनीला लावून गेला. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी भावना मेश्राम यायची.

पहिल्यांदा आली तेव्हा शेगडीत नुसती धूळ होती. दहा मिनिटांत पुसून ती निघाली. "वापरली नसन तं फोन करा, काका. उगाच चक्कर कायले?"

अनंतरावांनी फोन केला नाही. पुढच्या महिन्यात, ती यायच्या आदल्या दिवशी, त्यांनी शिळ्या पोळ्यांना डालडा चोपडला, जाळीवर टाकल्या आणि झाकण लावून धूर कोंडला. तेव्हापासून दर महिन्याला हेच चाललं होतं.

या वेळी मात्र अंगात ताप होता. हात चालले नाहीत. पोळीचा एक तुकडा जाळीला चिकटून तसाच राहिला होता, आणि भावना आता नेमकी त्याच्याकडेच पाहत होती.

तिनं तो नखानं उचकटला आणि राखेच्या डब्यात टाकला.

"कोंबडीचं कातडं असंच चिपकते," ती म्हणाली.

अनंतरावांनी घाम पुसला.

या शेगडीला साबणपाणी चालत नाही. सिरॅमिक पाणी पितं आणि पुढे तापलं की तडकतं. म्हणून कोळसा फुलवायचा, झाकण लावायचं, आतली चरबी जळून खडखडीत होऊ द्यायची आणि मग शेगडी निवायची वाट बघायची. लाकडी खरवडणीनं पापुद्रे काढायला अर्धा तास पुरतो. वाट बघण्यात अख्खी सकाळ जाते. अनंतरावांना ती सकाळच हवी असायची.

त्यांनी तर्री-पोहे आणले. मार्चचं ऊन चढत होतं. दोघं टाकीच्या सावलीत सरकून बसले.

"कंपनीचा टी-शर्ट आजही नाही?"

"वाळलाच नाही, काका."

"घरी कोण कोण असते तुमच्या?"

भावना चमचा फिरवत राहिली. "पोरगी होती. लग्न झालं, पुण्याले गेली. आता मीच." मग घाईनं म्हणाली, "तुमचं बरं हाय. घर भरून राहते."

अनंतरावांच्या ओठांवर आलं होतं. सगळं सांगून टाकावं, पोळ्या, डालडा, सगळं. पण सांगितलं तर ती पुन्हा कशाला येईल?

"हो," ते म्हणाले. "भरून राहते."

दुपारी शेगडी निवली. भावनानं पापुद्रे खरवडले, खालची राख उपसली, जाळी ब्रशनं लख्ख केली. जिन्यापर्यंत जाऊन ती वळली. "ताप असल्यासारखे दिसून राहिले तुमी. गोळी घेजा. मंग मी पुढच्या महिन्यात येतोच."

फाटक वाजलं आणि घर पुन्हा गप्प झालं. पुढचा महिना त्यांना फार लांब वाटला. तिला तोंडावर विचारायचा धीर झाला नव्हता, म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवशी कंपनीलाच फोन लावला.

"पौनीकर बोलतो, सक्करदरा. आमच्याकडे माणसं फार येतात हो. शेगडी साफ करायला महिन्यातून दोनदा पाठवा. पण भावनाताईंनाच पाठवा."

पलीकडच्या मुलीनं काहीतरी शोधलं.

"सर, ते काम आम्ही दिवाळीतच बंद केलं. तुमच्या मुलाला तसा मेलही गेला आहे. आणि भावना मॅडमनी तर तेव्हाच नोकरी सोडली. पाच महिने झाले, आमच्याकडून तुमच्या घरी कोणीच येत नाही."