हात काढा

रुपली पेन्सिल धरायची तेव्हा तिचा अंगठा बाकीच्या बोटांखाली दडायचा. त्यामुळे तिची रेघ खाली येता येता डावीकडे झुकायची. सुगंधाबाईंनी आपला हात तिच्या हातावर ठेवला आणि रेघ सरळ काढून दिली.

"हात काढा," फळ्यापाशी उभ्या असलेल्या बैसाणे मॅडम म्हणाल्या.

"रडस ना ती."

"रडू द्या थोडं. ती रेघ तिची नाही, तुमची आहे."

सुगंधाबाईंनी हात काढला. रुपली रडली नाही. तिने पेन्सिल बाकाखाली फेकून दिली.

दोंडाईच्यातल्या त्या शाळेत सुगंधाबाई पहिलीच्या वर्गात मदतनीस होत्या. रोज गावाहून एसटीने येत. काम करता करता त्यांचा वर्ग-साहाय्यकाचा अभ्यासक्रम चालू होता. शनिवारी धुळ्याला तास, इतर दिवशी शाळा आणि शेवटी वर्गातच प्रात्यक्षिक. पास झाल्या तर नोकरी कायम. नापास झाल्या तर जूनपासून घरी. निम्मे गुण मार्गदर्शक शिक्षिकेच्या, म्हणजे बैसाणे मॅडमच्या हातात होते.

मुख्याध्यापकांनी आधी त्यांना दुसरीचा वर्ग देऊ केला होता. तिथली शिक्षिका मवाळ. सुगंधाबाईंनी पहिलीच मागून घेतली.

"तो वर्ग काबर मांगा तू?" दुसरीच्या मदतनीस झुंबरबाई दर शनिवारी एसटीत विचारत. "मॅडम नही, सासू शे ती तुनी! आमले बठ्ठासले मावशी म्हनस, आन् तुले नुसतं 'तुम्ही'."

"शिकाडस चांगलं."

"या वयमा शिकीसन काय करशी? प्रेमराज शे ना तुना. लगीन बी व्हयनं त्यानं. पोरगा-सून सांभाळतीन."

सुगंधाबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. "दोन्ही घर येतस नही."

"आजकालना पोरे!" झुंबरबाईंनी कपाळाला हात लावला आणि शेंगांची पुडी पुढे केली.

सुगंधाबाई पाणी घरून आणत. शाळेत कोणाचं घेत नसत. एप्रिलमध्ये एकदा त्यांची बाटली एसटीत राहिली. मधल्या सुट्टीत बैसाणे मॅडमनी आपली बाटली त्यांच्या बाकावर ठेवली आणि त्या वह्या तपासायला वळल्या. सुगंधाबाई बराच वेळ त्या बाटलीकडे बघत राहिल्या. मग एका दमात त्यांनी ती रिकामी केली.

त्यानंतर शाळा सुटल्यावर मॅडम त्यांचा अभ्यास घेऊ लागल्या.

"मदत म्हणजे काय?"

"पोर अडकलं का सांगी देनं."

"नाही."

सुगंधाबाईंनी विचार केला. "थांबनं."

"किती वेळ?"

"आपलेच जड जास तवलोंग."

मॅडमच्या चेहऱ्यावर त्यांना पहिल्यांदाच हसू दिसलं.

प्रात्यक्षिकाला जळगावहून परीक्षक आले. राजदीप सर. त्यांनी कागद पाहिला, "मार्गदर्शक, मृणाली बैसाणे," असं मोठ्याने वाचलं आणि ते मागच्या बाकावर बसले. सुगंधाबाईंना रुपलीकडून बेरीज करून घ्यायची होती. रुपलीचे आईबाप सातपुड्याच्या पायथ्याहून कामाला आलेले. घरी तिची भाषा वेगळी. वर्गात तिने वर्षभर तोंड उघडलं नव्हतं.

सुगंधाबाईंनी चिंचोक्यांचे दोन ढीग केले. "बठ्ठा मिळीसन कितला?"

रुपलीने पहिला ढीग मोजला. दुसऱ्यापाशी तिचं बोट थांबलं. परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. सुगंधाबाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले आणि एकमेकांत घट्ट धरले. बैसाणे मॅडम खिडकीपाशी होत्या. त्यांनी मान वळवली नाही.

रुपलीचं बोट पुन्हा पहिल्या चिंचोक्यावर गेलं. ओठ हलले. मग तिने वर पाहिलं आणि वर्षभर ऐकलेल्या सुगंधाबाईंच्याच बोलीत ती म्हणाली,

"सरक ना बाई. मना उजेड अडस."

वर्ग हसला. सुगंधाबाई सरकल्या. रुपलीने दोन्ही ढीग एकत्र केले, मोजले आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "आठ!"

पोरांनी बाकं बडवली. रुपलीने उत्साहात पुन्हा मोजले आणि पुन्हा ओरडली, "आठच शेत!"

"जिला मूल 'सरक' म्हणतं ती मदतनीस पास," राजदीप सर हसत म्हणाले. "मॅडम, तुमचा शेरा?"

"मी त्यांना सवलत दिली नाही," बैसाणे मॅडम म्हणाल्या. आवाज अगदी सपाट होता. "त्यांनी मागितलीही नाही. पूर्ण गुण."

दारात कान लावून उभ्या असलेल्या झुंबरबाईंनी टाळ्या वाजवल्या. सुगंधाबाईंनी पदराने तोंड पुसलं. पन्नाशीनंतर कोणी त्यांना पूर्ण गुण देईल असं त्यांना वाटलं नव्हतं, आणि या बाईकडून तर नाहीच.

"रविवारी धुळ्याला कार्यक्रम आहे," सर पेन उघडत म्हणाले. "प्रमाणपत्र घेताना स्टेजवर घरचं एक माणूस सोबत लागतं. कोणाचं नाव लिहू?"

सुगंधाबाईंनी खिडकीकडे पाहिलं.

"मी येसू ना!" झुंबरबाई दारातून म्हणाल्या.

सुगंधाबाईंनी नकारार्थी मान हलवली.

"कोणी नसेल तर रिकामं ठेवतो."

"थांबा, सर," बैसाणे मॅडम म्हणाल्या. हातातल्या खडूचे दोन तुकडे झाले होते.

सुगंधाबाई उठल्या. बाकांमधून चालत खिडकीपाशी गेल्या आणि मॅडमच्या समोर उभ्या राहिल्या.

"मृणाली, आज सांजले प्रेमराजले लिसन घर ये. जात देखीसन दार मीच लायेल व्हतं, मीच उघाडसू." मग त्या परीक्षकांकडे वळल्या. "लिखा, सर. मनासंगे मनी सून यी."