वीसपैकी वीस

घंटा व्हायला दोन मिनिटं होती आणि संपदा परीक्षेच्या खोलीबाहेर उभी होती. आत आजाराचं सोंग घेतलेला खोटा पेशंट बसलेला. त्याच्याशी आठ मिनिटं बोलायचं, आणि समोरच्याचं दुःख आपल्याला किती कळतं याचे वीसपैकी मार्क घ्यायचे. नर्सिंगच्या या परीक्षेत ती दोनदा आपटली होती. ‘सुई छान टोचतेस, पण माणसाकडे बघत नाहीस,’ असा शेरा होता. तिसऱ्यांदा नापास म्हणजे वर्ष बुडालं. छावणीत राहणाऱ्या सुभेदार वडिलांना ते कोणत्या तोंडाने सांगायचं?

म्हणून या वेळी तिने माणुसकीची चक्क घोकंपट्टी केली होती. खुर्ची पुढे ओढायची. नजरेला नजर द्यायची. हातावर हात ठेवून मनात पाच आकडे मोजायचे.

घंटा झाली. आत अलकनंदाकाकू होत्या. काकू गेली तीन वर्षं दिल्लीतल्या सरोजिनी नगरहून मेट्रोने नोएडाच्या या कॉलेजात यायच्या, खोटा पेशंट व्हायच्या. एरवी हॉस्टेलच्या पोरींना चकल्या आणणारी ही बाई त्या खुर्चीत बसली की ओळख दाखवत नसे. कधी दमा, कधी हार्ट अटॅक, कॉलेजने दिलेल्या कार्डावर असेल ते हुबेहूब वठवायची आणि मार्क देताना हात आखडायची.

काचेपलीकडे परीक्षक मीनाक्षी मॅडम उभ्या होत्या. त्यांना आतलं ऐकू येत नसे. बसणं-उठणं तेवढं त्या बघत, बोलण्याचे मार्क पेशंटच्या हाती.

काकूंच्या गुडघ्याला क्रेप बँडेज होतं. मांडीवर कुठल्याशा लॅबचं पाकीट, सही-शिक्क्यासकट. तयारी म्हणजे किती, असं संपदाच्या मनात आलं.

“नमस्ते आंटीजी. क्या तकलीफ है?”

काकूंनी मांडीवरचं पाकीट उलटं केलं. मग मराठीत म्हणाल्या, “छातीत गाठ आहे गं. येतायेताच रिपोर्ट घेतला. चांगला नाहीये.”

त्या खुर्चीतून काकू नेहमी हिंदीच बोलत. हा नवा सापळा असणार. संपदाने खुर्ची पुढे ओढली आणि घोकलेलं हिंदी वाक्य मराठीत फिरवलं. “तुम्हाला किती भीती वाटत असेल, मी समजू शकते.”

“ह्यांना सांगितलेलं नाही अजून. पुढच्या महिन्यात रिटायर होतायत. कसं सांगू?”

याचं उत्तर पाठ नव्हतं. तिने काकूंचा हात धरला. तो गार पडला होता. हे कसं जमतं यांना? एक, दोन, तीन, चार, पाच.

“तुम्ही एकट्या नाही आहात,” ती म्हणाली.

“खरंच?” काकूंनी विचारलं. “थोडा वेळ थांबशील माझ्याजवळ?”

“बिल्कुल, काकू.”

घंटा झाली. संपदाने हात सोडला. तिला एकदम हलकं वाटलं.

“अरे यार काकू, काय ॲक्टिंग केलीत आज. मला खरंच रडू यायला लागलं होतं.”

काकूंनी पेनचं टोपण काढलं. मग त्यांनी मार्कांचा कागद भरला, बँडेज सोडून नीट गुंडाळून टेबलावर ठेवलं आणि पाकीट पर्समध्ये टाकलं. जाताना संपदाच्या गालावरून हात फिरवला.

“पास होशील हो,” म्हणाल्या.

मॅडमनी कागद पाहिला आणि चष्मा वर केला. “बीस में से बीस. अलकनंदाजी ने आज तक किसी को नहीं दिए.”

संपदाला हसू आवरेना. बाबांना आत्ताच फोन करायचा होता. मॅडमनी फाइलसाठी पेशंटचं कार्ड त्या कागदाला टाचलं आणि सही करायला तिच्यापुढे सरकवलं. सही करता करता तिने कार्ड वाचलं.

‘वय अठ्ठावन्न. जिना चढताना उजवा गुडघा दुखतो. बाकी काही तक्रार नाही.’