निरंक

एकशे बाराव्या पानावर कोष्टककाकांचं बोट थांबलं, ते पुढे सरकेना.

समोर बसलेल्या संपादकबाई सारख्या घड्याळाकडे बघत होत्या. देशाच्या शिक्षण खात्याला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत होती. खात्याचा इतिहास चार वाजता छापखान्यात जायचा होता आणि आकडे तपासल्याची काकांची सही तेवढी राहिली होती. आकडेवारी शाखेतले जुन्या काळचे ते एकटेच मागे उरले होते. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, तरी खात्यात त्यांना खऱ्या नावाने कोणी हाक मारत नसे. बायकोने सांगितलेल्या वाणसामानाच्या यादीलाही ते उभ्याआडव्या रेघा मारतात, अशी त्यांची ख्याती होती.

"काही चुकलंय का, काका?"

"छपाईत नाही चुकलेलं. मी लिहिलं होतं तेच छापलंय."

प्रकरणाचं नाव होतं 'पूर्णत्वाचं वर्ष'. चाळीस वर्षांपूर्वीचा एक तक्ता त्यात जसाच्या तसा दिला होता. शाळेबाहेर राहिलेली मुलं, विभागवार. प्रत्येक ओळीत काही ना काही आकडा होता. शेवटच्या ओळीत, 'वरचं खोरं' या नावापुढे, एकच शब्द होता : निरंक. त्याखाली संपादकबाईंनी मोठ्या हौसेने लिहिलं होतं, की एकही मूल शाळेबाहेर नसलेला हा देशातला पहिला विभाग.

"इथे निरंक नको होतं," काका म्हणाले. "अप्राप्त हवं होतं."

"म्हणजे माहिती आलीच नव्हती?"

"त्या साली घाट बंद पडला होता. खोऱ्यातून कागदच आला नाही. साहेबांना तक्ता बारा वाजता टेबलावर हवा होता. अप्राप्त लिहिलं असतं तर अख्ख्या देशाचा तक्ता अडकला असता. खुलासे द्या, स्मरणपत्रं धाडा. निरंक लिहिलं आणि मोकळा झालो. म्हटलं, पुढच्या वर्षी दुरुस्त करू."

"मग?"

"पुढच्या वर्षी मागचा तक्ता बघून पुढचा भरला. असे अकरा तक्ते भरले. नव्या शाळा त्या तक्त्यावरून मंजूर व्हायच्या. निरंक लिहिलेल्या ठिकाणी शाळा कोण देणार?"

काकांना लाज वाटत होती. ती इतक्या वर्षांनी वाटावी, याची अधिकच वाटत होती.

संपादकबाई मनाने वाईट नव्हत्या. पण त्याही खात्यातच वाढलेल्या. "काका, मंत्रिसाहेबांच्या भाषणात हेच वाक्य आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आणि पुरावा काय? नुसत्या आठवणीवर मला इतिहास बदलता येत नाही. कागद दाखवा, आत्ता बदलते."

"न आलेला कागद कुठून दाखवू?"

बाईंनी घंटी वाजवली.

छापखान्यात पाकीट घेऊन जाणारी शिपाईबाई आत आली. तिने पोचवही टेबलावर उघडली, शाईची डबी जवळ ओढली आणि पाकीट मिळाल्याच्या रकान्यात अंगठा उमटवला. नेटका, रेघेला न शिवणारा.

काका बघत राहिले. "सही नाही करत?"

"शिकलेच नाही ना. आमच्याकडे शाळा कुठे होती?"

"तुमच्याकडे म्हणजे कुठे?"

"वरच्या खोऱ्यात." ती हसली. "इथे लागले तेव्हा सगळे चिडवायचे, शिक्षण खात्यात अंगठेबहाद्दर म्हणून."

"वय काय तुमचं?"

"सेहेचाळीस असेल."

काकांनी मनात वजाबाकी केली. सहा. पहिलीत बसायचं वय. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग तिला सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता. न विचारता लिहिलं, मी लिहिलं, म्हणून शाळा आली नाही.

शिपाईबाई शाईचा अंगठा बोटांवर घासत ऐकत होती.

"म्हणजे कागदावर आम्ही शाळेत जात होतो?"

"हो."

"बघा ना," ती म्हणाली. "आणि मी मेंढरं वळत होते."

पाकिटात भरायचं एकशे बारावं पान तसंच टेबलावर पडलं होतं. काकांनी ते पुढे ओढलं, लाल पेन्सिलीने 'निरंक' खोडलं आणि पान तिच्यासमोर फिरवलं.

"इथे अंगठा द्याल? तुमची मर्जी असेल तरच."

"कशाचा?"

काकांना चटकन शब्द सुचेना. आयुष्यभर रकान्यांना मथळे देण्यात गेलेला माणूस, पण या रकान्याचा मथळा त्याला सापडत नव्हता.

"हजेरीचा," शेवटी ते म्हणाले.

संपादकबाईंनी एकदा घड्याळाकडे बघितलं. मग शाईची डबी तिच्याकडे सरकवली.

शिपाईबाई वाकली. एवढ्याशा रकान्यात तिने अंगठा टेकवला, जरा जास्त वेळ दाबून धरला आणि अलगद उचलला. काका टीपकागद घेऊन पुढे झाले.

"थांबा," ती म्हणाली आणि अंगठा पुन्हा शाईत दाबला. "धाकटी बहीण राहिली माझी. मग सुताराच्या दोघी."