एकशे अठरा

हेमांगीने टेबलावर साखर मोजणाऱ्या सेन्सरचे दोन खोके ठेवले. डॉक्टरांकडे येणाऱ्या मधुमेहींना इन्सुलिनपासून पथ्यापर्यंत सगळं तीच समजावून सांगायची.

"दोन्ही दंडालाच लावायचे, दोन्ही चौदा दिवस चालतात. याला तुम्ही मोबाईल जवळ नेलात तरच साखर सांगेल. आणि हा सारखा सांगत राहतो. सत्तरच्या खाली गेली की आपणहून वाजतो."

"पहिला द्या," रामनाथबुवा लगेच म्हणाले. "भजनात मध्येच वाजणारं काही नको."

"गाताना दोन्ही हात पेटीवर," त्यांच्या बायकोने, पार्वतीबाईंनी विचारलं, "मग मोबाईल दंडाला कोण लावणार?"

मागच्या महिन्यात मुलुंडला दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यात, ऐन गजरात रामनाथबुवा पेटीवर कोसळले होते. लोकांनी हात जोडले. बुवांची समाधी लागली, असं कुणीतरी म्हणालंसुद्धा. पार्वतीबाई तेवढ्या गर्दीतून वाट काढत पुढे आल्या आणि त्यांनी बुवांच्या हिरड्यांना साखर चोळली.

कोसळण्याआधीचं मात्र बुवांना सगळं आठवत होतं. अंगभर घाम. थरथरणारी बोटं. शरीर हलकं, आणि आपला आवाज दुसराच कोणी गात असल्यासारखा लांबून येणारा. हल्ली असं वारंवार व्हायचं. आयुष्यभर गायलो, आता देव जवळ येऊ लागला, असं ते मनाशी धरून होते. कुणाला बोलले नव्हते. आणि मघाशी डॉक्टरांनी साखर उतरल्याची लक्षणं सांगितली, ती एकूण एक तीच होती.

"वाजणारा लाव, पोरी," ते शेवटी म्हणाले.

हेमांगीने दंड पुसला, गोल डबी टेकवली आणि दाबली. खट् आवाज झाला. डबी काढली तेव्हा दंडावर रुपयाएवढी पांढरी चकती चिकटून राहिली होती. तासाभराने पार्वतीबाईंच्या मोबाईलवर आकडा उमटला. एकशे सेहेचाळीस. शेजारी आडवा बाण, म्हणजे साखर चढत नाही, उतरत नाही.

"बघा हो," पार्वतीबाई मालवणीत पुटपुटल्या, "आतला सगळा भायर दिसता." देवळात टेकवावं तसं त्यांनी कपाळ मोबाईलला टेकवलं.

रविवारी सकाळी असल्फ्याच्या टेकडीवर, मारुतीच्या देवळामागच्या खोलीत मंडळाची तालीम होती. पखवाजावर कुंडलिक, झांजा घेऊन चौघे, आणि बुवांच्या पाठीशी मोबाईल मांडीवर घेऊन पार्वतीबाई. बुवांनी सकाळचं इन्सुलिन घेतलं होतं, पण न्याहारी अर्धीच टाकून ते उठले होते.

पहिलाच गजर चढत गेला. कुंडलिकचा हात सुटला. बुवांच्या कपाळावर घाम आला. पाठीतून काहीतरी सरसरत वर गेलं, खोली मागे सरकली, आवाज लांबून येऊ लागला. बुवांनी डोळे मिटले.

मोबाईल वाजला.

"त्रेसष्ट," पार्वतीबाई म्हणाल्या. "बाण खाली."

पखवाज थांबला. पार्वतीबाईंनी ग्लुकोजचं पाणी पुढे केलं. बुवा पेल्याकडे नुसते बघत राहिले.

"गो," ते बायकोलाच ऐकू जाईल असं बोलले, "माका वाटत होता, देव येता."

"आधी पाणी संपवा," पार्वतीबाई म्हणाल्या.

बुवांनी पाणी संपवलं. मग दोन बिस्किटं खाल्ली. थरथर थांबली, घाम सुकला, कानांतली गुणगुण गेली. आणि सगळं गेल्यावर बुवांना एकदम म्हातारं झाल्यासारखं वाटलं. एका चकतीने त्यांचा देव आकड्यात मोजून दाखवला होता.

"आज राहू दे, बुवा," कुंडलिक म्हणाला.

"एक घेऊया," पार्वतीबाई म्हणाल्या. "साधा, संथ अभंग. आता साखर बरी आहे."

बुवांनी बायकोच्या शब्दाखातर पेटी पुढे ओढली. त्यांना कसलीच आशा नव्हती. सुरुवात कोरडी झाली. दुसरं कडवंही तसंच गेलं. तिसऱ्या कडव्यात त्यांनी एक जागा घेतली, शेकडो वेळा घेतलेली, आणि सूर लागला तो सुटेचना. हात कोरडे होते. बोटं पट्ट्यांवर स्थिर होती. मांडीखालची सतरंजी, झांजांचा पितळी वास, पाठीशी बसलेल्या बायकोचा श्वास, सगळं जागच्या जागी होतं. आणि त्या सगळ्याच्या मधोमध, इतकी वर्षं गाऊनही कधी लाभली नव्हती अशी एक शांतता येऊन बसली. बुवांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. कुंडलिकने ठेका इतका हळू केला की तो जेमतेम ऐकू येत होता. झांजा धरलेल्या चौघांनी हात कधी थांबवले, ते त्यांनाही कळलं नाही.

अभंग संपला.

बुवांनी मान न वळवता विचारलं, "किती?"

"एकशे अठरा," पार्वतीबाई म्हणाल्या. "बाण आडवो."

कुंडलिकने दबक्या आवाजात विचारलं, "बुवा, पुढचा घ्यायचा?"

बुवांनी डोळे उघडले नाहीत. पेटीवरचा एक हात त्यांनी हलकेच वर केला.

"थांब जरा. अजून बसलाय तो."