चोराचा अंगठा

फोन वाजला तशी काकूंची बोटं भिंगांच्या खोक्यात थांबली. त्यांनी वर बघितलं नाही. इतक्या वर्षांत कधीच बघितलं नव्हतं. फोन आला की नुसते हात थांबायचे, आणि काकांनी "शाब्बास, पुन्हा नीट बघा हं" म्हणून तो ठेवला की परत चालू व्हायचे.

काका-काकू कामाला होते तो कारखाना शाळांसाठी विज्ञानाच्या पेट्या बनवायचा. चुंबकाची पेटी होती, बल्ब-बॅटरीची होती, पण पोरांची लाडकी एकच: 'चोर कोण?' तिच्यात शाईचा पॅड, कोरे कागद, भिंग आणि एक कार्ड. कार्डावर चोराच्या अंगठ्याचा मोठा करून छापलेला ठसा. वर्गात सगळ्यांचे ठसे घ्यायचे, भिंगातून रेघ न् रेघ ताडून बघायची. चोर सापडायचा नाहीच. दोन माणसांचे ठसे कधी जुळत नाहीत, हे पोरांना स्वतःच्या हातांनी कळावं म्हणून तर ती पेटी. तरी कार्डाखाली बारीक अक्षरांत छापलेलं असे, 'सापडला तर ठसेकाकांना कळवा', आणि पुढे कारखान्याचा नंबर.

फोन भरपूर यायचे. पोरांनी आजवर शिपाई पकडला, मुख्याध्यापक पकडले, एका वर्गाने तर शाळेतलं मांजर पकडलं! काका हसायचे, तीन प्रश्न विचारायचे. तिसऱ्याला पोरं हमखास गडबडायची.

तो अंगठा काका-काकूंच्या लेकीचा होता.

चार वर्षांची होती. नव्या पॅडची शाई कशी उठते ते बघायला काकांनी तो घरी आणला, तर हिने अंगठा बुडवून कागदावर दाबला आणि उरलेली शाई बापाच्या सदऱ्याला पुसली. पुढच्याच आठवड्यात प्रदर्शनात पेट्या मांडायच्या होत्या. पोर हट्ट करून बरोबर गेली. कुणाला तरी भिंग दाखवायला म्हणून काकांनी तिचा हात सोडला. सोडला तो सोडलाच. गर्दी ओसरली, मांडव उतरला. पोलीस झाले, पेपर झाले. पोर काही मिळाली नाही.

मग काकांनी तो ठसा कार्डावर घातला. अंगठा वाढतो, रेघा बदलत नाहीत, एवढं त्यांना पक्कं माहीत होतं. कुठल्या तरी वर्गात, कुठल्या तरी बाकावर. वेडी आशा, दुसरं काय! काकूंना ते सोसवलं नाही. "माझ्या लेकीला गावोगाव चोर म्हणवताय," असं त्या एकदाच म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून पेट्या भरायला येऊन बसल्या. निदान तिचा अंगठा रोज हाताखालून जाई. घरी टेबलाच्या लाकडातल्या गाठीत काकांना तेच चक्र दिसायचं, कपाच्या ओल्या डागातही दिसायचं. त्या घरात दोघंच राहतात, असं नुसतं म्हणायचं.

एक गोष्ट मात्र कार्डावर नव्हती. पोरीने तिसऱ्या वर्षी डब्याच्या झाकणाने अंगठा चांगलाच कापून घेतला होता. त्याचा वण चक्रावरून तिरका गेला होता. तपासाला आलेले हवालदार म्हणाले होते, "एक खूण पोटात ठेवा. उद्या कुणी खोटं सोंग घेऊन आलं तर तिथे पकडाल." काकांनी छापताना तो वण मिटवून टाकला. दोघांशिवाय तो कुणाला ठाऊक नव्हता.

आज सकाळी धाकटे मालक नव्या कार्डांचे गठ्ठे ठेवून गेले होते. "काका, नवाच ठसा कॉम्प्युटरवर काढून घेतलाय, एकदम स्वच्छ. खालचा नंबरही उडवला. पोरांची कटकट गेली, तुम्हाला आराम!" माणूस वाईट नव्हता. त्याला बिचाऱ्याला काय माहीत? जुनी कार्डं संध्याकाळी रद्दीत जायची होती. काकूंनी ती मांडीवर घेतली होती आणि खाली ठेवायचं नाव काढत नव्हत्या.

"ठसेकाका ना? चोर सापडला!" स्पीकरवर ठेवलेल्या फोनमधून मुलीचा आवाज खोलीभर घुमला. मागे अख्खा वर्ग कलकलत होता. "वर्गात कुणाचाच जुळेना. मग आम्ही आमच्या बाईंचा घेतला."

"वा, वा! आता कार्ड पालथं घाल. नुसता बाईंचा ठसा बघून सांग. मधे काय आहे?"

"चक्र."

"त्याच्या डावीकडे?"

"एक रेघ फुटून दोन झाल्यात."

"आणि त्यांच्या खाली?"

"थांबा हं... एक ठिपका. आणि त्याला चिकटून तिळाएवढा गोल."

पुढचा प्रश्न त्यांनी कधी कुणाला विचारलाच नव्हता. तिथवर कुणी पोचलंच नव्हतं. आणि आता तो विचारायचा धीर होईना. नाही म्हणाली तर?

"काका, पण एक घोळ आहे," पोरगी आवाज बारीक करून म्हणाली. "बाईंच्या ठशावर मधून एक तिरकी रेघ जाते, कापल्यासारखी. कार्डावर ती नाहीच. सगळे म्हणतात जुळला. मी म्हणते, नाही जुळला. आमच्या बाई खूप चांगल्या आहेत हो. त्या चोर नाहीत ना?"

काकूंनी वर बघितलं. मग त्या उठल्या. मांडीवरची सगळी कार्डं जमिनीवर सांडली. त्यांनी नवऱ्याच्या हातातून फोन काढून घेतला.

"नाही गं बाळा," त्या म्हणाल्या. "ती कधीच चोर नव्हती. दे बरं फोन तिच्याकडे."